कर्जाच्या कागदांतून निघालेले पक्ष

प्रश्न थोडक्यात असा आहे: अमेरिकेच्या राज्यघटनेत राजकीय पक्षाचे नावही नाही, पहिला अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन पक्षबाजीच्या विरोधात होता, बाकीचे संस्थापकही पक्षांना शिव्याच घालत होते. मग घटना लागू होऊन दहा वर्षे होताहोता दोन पक्ष एकमेकांच्या उरावर बसले कसे? आणि ते दोन म्हणजेच आजचे डेमोक्रॅट आणि रिपब्लिकन आहेत का?

अमेरिकेचा इतिहास शिकवताना हा प्रश्न दरवर्षी वर्गात येतो आणि त्याचे तयार उत्तरही विद्यार्थ्यांच्या वहीत असते. हॅमिल्टन व्यापाऱ्यांचा, जेफरसन शेतकऱ्यांचा; एकाला बलवान केंद्र हवे, दुसऱ्याला राज्यांचे हक्क; म्हणून दोन पक्ष. परीक्षेत एवढ्यावर गुण मिळतात. पण या मांडणीत विचारसरणी आधी येते आणि भांडण नंतर. घडले ते उलट्या क्रमाने. भांडण आधी झाले, तेही पैशावरून, आणि ते सरकारच्या आतच पेटले. मतदारांपर्यंत ते मागाहून पोचले.

त्याआधी एक घोळ निस्तरायला हवा. १७८७-८८ मध्ये नव्या घटनेचे समर्थक स्वतःला फेडरॅलिस्ट म्हणवत आणि विरोधकांना अँटी-फेडरॅलिस्ट. हेच पुढचे दोन पक्ष, असे बऱ्याच नोट्समध्ये लिहिलेले असते. तसे धरले तर जेम्स मॅडिसनला बसवायचे कुठे? घटनेचा आराखडा मुख्यतः त्याच्या डोक्यातला. ती मंजूर व्हावी म्हणून हॅमिल्टन आणि जॉन जे यांच्यासोबत न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांत टोपणनावाने लेख लिहिणारा तोच. त्या मालिकेतल्या दहाव्या लेखात त्याने म्हटले होते की गटबाजी माणसाच्या स्वभावातच आहे, पण एवढ्या विस्तीर्ण देशात इतके नाना गट असतील की कोणा एकाला बहुमत जमवून इतरांना चिरडता येणार नाही. हे १७८७ च्या नोव्हेंबरमधले. पुढच्या चार-पाच वर्षांत हाच मॅडिसन हॅमिल्टनविरोधी फळीचा प्रतिनिधिगृहातला सेनापती झाला. तेव्हा घटनेला पाठिंबा की विरोध, या रेषेने पुढचे पक्ष पडलेले नाहीत. १७८९ मध्ये पाटी पुष्कळशी कोरी होती.

आणि सरकार किती लहान! ३० एप्रिल १७८९ ला न्यूयॉर्कच्या वॉल स्ट्रीटवरच्या फेडरल हॉलमध्ये वॉशिंग्टनने शपथ घेतली. मत देणाऱ्या ६९ च्या ६९ इलेक्टरांनी, म्हणजे अध्यक्ष निवडण्यासाठी राज्याराज्यांतून नेमलेल्या प्रतिनिधींनी, त्याला निवडले होते. खाती म्हणावी तर परराष्ट्र, अर्थ आणि युद्ध, शिवाय एक ॲटर्नी जनरल. सिनेटने सुरुवातीचे दिवस घालवले ते अध्यक्षाला हाक कोणत्या नावाने मारायची या वादात. उपाध्यक्ष जॉन ॲडम्सला भारदस्त बिरुद हवे होते. समितीने ‘हिज हायनेस, अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचे अध्यक्ष आणि त्यांच्या स्वातंत्र्याचे रक्षक’ असे लांबलचक काहीतरी सुचवले. प्रतिनिधिगृहाने ते उडवून लावले आणि नुसते ‘अध्यक्ष’ राहिले. ॲडम्सचा बांधा आडवा, त्यामुळे त्यालाच ‘गोलमटोल महाराज’ अशा अर्थाचे टोपणनाव मिळाले. प्रसंग हसण्यासारखा आहे, पण राजेशाही मागच्या दाराने परत येते की काय ही धास्ती पहिल्या महिन्यापासून होती, हे ध्यानात ठेवा. पुढच्या प्रत्येक वादात ती डोके वर काढते.

आता पैशाकडे. अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टनने जानेवारी १७९० मध्ये काँग्रेसपुढे, म्हणजे सिनेट आणि प्रतिनिधिगृह मिळून झालेल्या संसदेपुढे, कर्जाचा अहवाल ठेवला. क्रांतियुद्धाचे संघीय कर्ज सुमारे ५ कोटी ४० लाख डॉलर, आणि राज्यांचे मिळून अंदाजे अडीच कोटी. जुन्या व्यवस्थेत काँग्रेसला कर लावण्याचाच अधिकार नव्हता, म्हणून हे वर्षानुवर्षे तुंबलेले. हॅमिल्टन म्हणाला, संघीय कर्ज दर्शनी किमतीने मान्य करा आणि राज्यांचे कर्जही केंद्राने अंगावर घ्या. त्याचा हिशोब सरळ होता. ज्यांचे पैसे सरकारकडे अडकलेत ते सरकार टिकावे म्हणून धडपडतील, आणि देशाची पत बसली की पुढचे कर्ज स्वस्तात मिळेल.

हिशोब बिनचूक होता. गोम होती ती कागद कोणाच्या हातात होते यात. युद्धात सैनिकांना पगाराऐवजी प्रमाणपत्रे दिलेली. घरी परतल्यावर पोटाची सोय म्हणून त्यांनी ती मिळेल त्या भावाने फुंकून टाकली. डॉलरमागे वीस सेंट मिळाले तरी नशीब. अहवाल बाहेर येताच शहरातले सट्टेबाज आतल्या भागात, जिथे ही बातमी अजून पोचली नव्हती, तिथे उरलेसुरले कागद उचलायला धावले. सट्ट्याच्या मालाने भरलेली तीन जहाजे पंधरा दिवसांत याच बंदरातून निघाली, असे जॉर्जियाचा प्रतिनिधी जेम्स जॅक्सन सभागृहात संतापून सांगत होता. मॅडिसनने मधला मार्ग सुचवला: आजच्या धारकाला बाजारात चढलेला सर्वांत जास्त भाव द्या, उरलेली रक्कम मूळ सैनिकाला द्या. न्याय्य वाटते, पण मूळ धारक शोधायचे कसे, आणि हस्तांतर झालेला सरकारी कागद सरकारनेच अर्धवट मानला तर पुढे तो विकत कोण घेणार? प्रस्ताव ३६ विरुद्ध १३ असा पडला. मला विचाराल तर व्यवहार हॅमिल्टनच्या बाजूने होता आणि चीड मॅडिसनच्या बाजूने. पुढचा पक्ष उभा राहिला तो या चिडीवर.

राज्यांच्या कर्जाचा मामला आणखी अवघड. व्हर्जिनियाने आपले बरेचसे कर्ज फेडले होते. मॅसॅच्युसेट्स आणि साउथ कॅरोलायना गळ्यापर्यंत बुडालेले. आम्ही फेडून मोकळे झालो, आता तुमचेही फेडायचे का, हा दक्षिणेतला सवाल. एप्रिलमध्ये प्रतिनिधिगृहाने हा भाग ३१-२९ ने फेटाळला. जूनमध्ये परराष्ट्रमंत्री जेफरसनला अध्यक्षांच्या घरासमोर हॅमिल्टन भेटला; चेहरा उतरलेला, अंगावरच्या कपड्यांचेही भान नाही. मेडन लेनवरच्या आपल्या घरी जेफरसनने त्याला आणि मॅडिसनला जेवायला बोलावले. तिथे सौदा ठरला: मॅडिसनने विरोधाची धार बोथट करायची, बदल्यात राजधानी दहा वर्षे फिलाडेल्फियात राहून मग कायमची पोटोमॅक नदीकाठी, म्हणजे व्हर्जिनियाच्या दारात. पोटोमॅककाठच्या दोन व्हर्जिनियन प्रतिनिधींनी, रिचर्ड ब्लँड ली आणि अलेक्झांडर व्हाइट यांनी, मत फिरवले. व्हाइटला ते करताना पोटात ढवळून आले, असे जेफरसनने नोंदवले आहे. या जेवणाची हकिकत आपल्याला फक्त जेफरसनच्या लेखणीतून मिळते, आणि तीही त्याला पश्चात्ताप झाल्यानंतरची. सगळा सौदा एकाच टेबलावर झाला असे मानू नये. मते जुळवण्याची खटपट इतरत्रही चालूच होती. पण राजधानी आणि कर्ज यांची अदलाबदल झाली हे खरे, आणि आजचे वॉशिंग्टन शहर जिथे आहे तिथे ते का आहे, याचे उत्तरही त्यात आहे.

१७९१ मध्ये बँक आली. एक कोटी डॉलर भांडवलाची, पाचवा हिस्सा सरकारचा, वीस वर्षांची सनद. प्रतिनिधिगृहात ती सहज मंजूर झाली, पण विरोधातली जवळजवळ सगळी मते दक्षिणेची. वॉशिंग्टन अडखळला. घटनेत बँकेचा शब्द नाही, मग काँग्रेसला हा अधिकार आहे का? त्याने मंत्र्यांची लेखी मते मागवली. जेफरसन म्हणाला, घटनेने काँग्रेसला ‘आवश्यक आणि योग्य’ कायदे करण्याची मुभा दिली आहे. बँक सोयीची असेल, पण जिच्याशिवाय अडते तीच गोष्ट आवश्यक. हॅमिल्टनने उत्तर दिले की उद्दिष्ट घटनेत बसत असेल आणि साधन त्याला उपयोगी असेल, घटनेने ते मना केलेले नसेल, तर ते वैध. हॅमिल्टनचे उत्तर २३ फेब्रुवारीला हातात पडले आणि २५ ला वॉशिंग्टनने सही केली. घटना ताणून वाचायची की आवळून, हा पंथभेद इथे जन्मला, तोही एका बँकेसाठी. आणि तो फार काळ प्रामाणिक राहिला नाही. १८०३ मध्ये जेफरसन अध्यक्ष असताना दीड कोटी डॉलरला लुइझियाना विकत घेतला; परकी प्रदेश विकत घेण्याचा अधिकार घटनेत त्यालाही शोधून सापडला नव्हता. दुरुस्ती करावी असे त्याच्या मनात होते, पण नेपोलियनचे मन बदलेल या भीतीने ती बाजूला राहिली.

यानंतर सरकारच्या आतले भांडण रस्त्यावर आले ते वर्तमानपत्रांमुळे. जॉन फेन्नोचे पत्र हॅमिल्टनच्या बाजूचे. त्याला सरकारी छपाईची कामे मिळत. तोड म्हणून जेफरसन आणि मॅडिसनने कवी फिलिप फ्रेनोला फिलाडेल्फियात आणले. जेफरसनने त्याला परराष्ट्र खात्यात वर्षाला २५० डॉलरची भाषांतरकाराची नोकरी दिली आणि ऑक्टोबर १७९१ मध्ये फ्रेनोचे पत्र सुरू झाले. म्हणजे मंत्रिमंडळातला एक मंत्री दुसऱ्या मंत्र्याला सतत झोडपणाऱ्या संपादकाचा पगार सरकारी तिजोरीतून काढत होता, आणि तो दुसरा मंत्री टोपणनावाने त्याला उत्तरे देत होता. वॉशिंग्टनने १७९२ च्या ऑगस्टमध्ये दोघांनाही पत्रे लिहून आवरते घ्यायची विनवणी केली. दोघांनी अदबीने उत्तरे पाठवली. सुरुवात त्याने केली असे दोघांचेही म्हणणे. वर्षभराने एका बैठकीत युद्धमंत्री नॉक्सने वॉशिंग्टनला गिलोटिनवर चढवणारे एक विडंबन दाखवले, तेव्हा त्याचा बांध फुटला. जगाचा सम्राट होण्यापेक्षा मी माझ्या शेतावर बरा, असे तो ओरडला, आणि तो बदमाश फ्रेनो मला रोज आपल्या पत्राच्या तीन-तीन प्रती पाठवतो म्हणून चरफडला. हे लिहून ठेवणारा पुन्हा जेफरसनच.

तोवर फ्रान्समध्ये राजाचे मुंडके उडाले होते आणि ब्रिटन-फ्रान्स युद्ध सुरू झाले होते. एप्रिल १७९३ मध्ये वॉशिंग्टनने तटस्थता जाहीर केली. कर्जरोखे आणि बँकेची सनद सामान्य माणसाला फारशी कळत नसे. फ्रान्स की ब्रिटन, हे मात्र खानावळीत बसलेल्या कोणालाही कळे. टोपीला तिरंगी फीत लावली की तुम्ही एका बाजूचे. काँग्रेसमधली फूट गावोगाव पोचली ती यामुळे.

तिला पक्षाचा आकार दिला जॉन जे याने १७९४ मध्ये ब्रिटनशी केलेल्या कराराने. ब्रिटिशांनी पश्चिमेकडचे किल्ले सोडायचे कबूल केले, पण अमेरिकी जहाजे अडवण्याबाबत करारात फारसे काही नव्हते. जाता जाता सांगतो, त्याचे १३ वे कलम हिंदुस्थानविषयी आहे: कंपनीच्या ताब्यातल्या बंदरांत अमेरिकी जहाजांना व्यापाराची मुभा. त्या काळी अमेरिकेला लाभलेल्या मोजक्या सवलतींपैकी ही एक. सिनेटने करार २०-१० ने, म्हणजे घटनेला लागतात तितक्याच दोन तृतीयांश मतांनी, मंजूर केला. गावोगाव जे याचे पुतळे जळाले. न्यूयॉर्कच्या सभेत हॅमिल्टनवर दगड आले. मग प्रतिनिधिगृहाने अंमलबजावणीचा पैसा अडवून धरला. १७९६ च्या एप्रिलअखेर समितीत ४९-४९ अशी मते पडली आणि अध्यक्षस्थानी असलेल्या फ्रेडरिक म्यूलेनबर्गने निर्णायक मत कराराच्या बाजूने टाकले. काही दिवसांत त्याच्या मेव्हण्यानेच त्याला चाकूने भोसकले. जीव वाचला, राजकारण संपले.

त्या सप्टेंबरात वॉशिंग्टनचे निरोपाचे भाषण वर्तमानपत्रात छापून आले. पक्षबाजीच्या घातक परिणामांबद्दलचा त्यातला इशारा अजूनही उद्धृत होतो. पण तो आकाशातून आलेला नव्हता. मसुदा हॅमिल्टनच्या हातचा, आणि निवडणूक तोंडावर. जेफरसनच्या गोटाने तो आपल्यावरचाच वार समजला, आणि ते फारसे चूक नव्हते.

इथे मूळ प्रश्नाला हात घालता येतो. पक्षांना नावे ठेवणारे पक्ष का काढतात? कारण आपण पक्ष काढतोय असे दोघांपैकी कोणालाच वाटत नव्हते. फेडरॅलिस्टांच्या, म्हणजे आता हॅमिल्टनच्या गोटाच्या, मते ते म्हणजेच सरकार, आणि समोरचे फ्रेंचांच्या नादी लागलेले बंडखोर. रिपब्लिकनांच्या, म्हणजे जेफरसनच्या गोटाच्या, मते तेच खरे लोक, आणि समोरचे राजेशाही आणू पाहणारी टोळी. अधिकृत विरोधी पक्ष ही जागाच त्यांच्या डोक्यात नव्हती. आपण हरलो तर देश गेला, मग जिंकण्यासाठी संघटना बांधणे हे कर्तव्य ठरते.

आणि ती संघटना त्यांनी फार लवकर बांधली. पेनसिल्व्हेनियात १७९६ मध्ये मतदाराला १५ इलेक्टरांची नावे हाताने लिहिलेल्या चिठ्ठीवर द्यायची होती, छापील चिठ्ठी चालत नसे. प्रतिनिधिगृहाचा क्लार्क जॉन बेकली जेफरसनचा माणूस. त्याने कार्यकर्ते आणि त्यांच्या घरच्यांना बसवून हजारो चिठ्ठ्या लिहून घेतल्या आणि घोडेस्वारांमार्फत राज्यभर वाटल्या. १५ पैकी १४ इलेक्टर जेफरसनला मिळाले. देशभरात फेडरॅलिस्ट ॲडम्स ७१, जेफरसन ६८. तेव्हाच्या नियमाने दुसरा आलेला उपाध्यक्ष, म्हणून अध्यक्ष एका पक्षाचा आणि उपाध्यक्ष दुसऱ्याचा अशी चार वर्षे गेली. घटनाकारांनी पक्ष गृहीतच धरले नव्हते, त्याची ही किंमत. (आपल्या घटनेतही पक्षांतरबंदीचे दहावे परिशिष्ट १९८५ मध्ये आले, त्यापूर्वी पक्ष तिच्या लेखी जवळजवळ नव्हतेच.)

१७९८ मध्ये फ्रान्सशी अघोषित युद्ध सुरू झाले आणि फेडरॅलिस्टांनी देशद्रोही लेखनाविरुद्धचा कायदा केला. सरकार, काँग्रेस आणि अध्यक्ष यांच्याविरुद्ध खोटे आणि बदनामीकारक लिहिल्यास २,००० डॉलरपर्यंत दंड, दोन वर्षांपर्यंत कैद. यादीत उपाध्यक्षाचे नाव नाही. जेफरसनला खुशाल शिव्या द्या. कायद्याची मुदतही ३ मार्च १८०१, म्हणजे नवा अध्यक्ष येण्याच्या आदल्या दिवशीपर्यंत. हेतू किती उघड होता पाहा. न्यूअर्कमध्ये ॲडम्सच्या स्वागताला तोफा उडत असताना ल्यूथर बाल्डविन नावाच्या एका पिऊन आलेल्या माणसाने, गोळा अध्यक्षांच्या ढुंगणात बसला तरी आपल्याला फिकीर नाही, अशा अर्थाचे काही म्हटले. त्यालाही दंड झाला. व्हरमाँटचा प्रतिनिधी मॅथ्यू लायन चार महिने तुरुंगात गेला आणि तुरुंगात असतानाच पुन्हा निवडून आला. हा तोच लायन, जो सभागृहात रॉजर ग्रिसवोल्डच्या तोंडावर थुंकला होता; दोन आठवड्यांनी ग्रिसवोल्डने त्याला काठीने बडवले, तेव्हा लायनने शेगडीचा चिमटा उचलला होता.

१८०० ची निवडणूक खरे तर न्यूयॉर्क शहरात ठरली. राज्याचे १२ इलेक्टर विधिमंडळ निवडणार आणि विधिमंडळाचा तोल शहराच्या हातात. जेफरसनच्या पक्षाच्या ॲरन बरने तिथे मातब्बर उमेदवार उभे केले, मतदारांच्या याद्या केल्या आणि वॉर्डावॉर्डात माणसे पेरली. शहर त्याने जिंकले. हादरलेल्या हॅमिल्टनने गव्हर्नर जे याला लिहिले की मुदत संपत आलेले जुने विधिमंडळ बोलावून निवडीचा नियमच बदलून टाका. जे फेडरॅलिस्टच होता. त्याने पत्रावर नोंद केली की हा पक्षहितासाठी सुचवलेला उपाय आहे, आणि तो स्वीकारणे मला शोभणार नाही. विषय तिथेच संपला. या दशकात मला सगळ्यात जास्त आदर वाटतो तो या एका ओळीचा.

शिस्त मात्र अंगाशी आली. इलेक्टरला दोन मते असत. प्रत्येक रिपब्लिकन इलेक्टरने जेफरसन आणि उपाध्यक्षपदासाठी उभा असलेला बर यांना एकेक मत दिले, त्यामुळे दोघेही ७३ वर. ॲडम्सला ६५. जेफरसनच्या आकड्यात गुलामांची लोकसंख्या तीन पंचमांश धरून दक्षिणेला मिळालेली जादा मते होती. ती वजा केली तर ॲडम्स पुढे जातो, असा बहुतेक इतिहासकारांचा हिशोब आहे. शेतकऱ्यांचा पक्ष म्हणताना हेही सांगायला हवे.

निर्णय प्रतिनिधिगृहाकडे गेला, आणि तिथे बहुमत हरलेल्या फेडरॅलिस्टांचे. दर राज्याला एक मत, १६ पैकी ९ हवीत. ११ फेब्रुवारी १८०१ ला बर्फ पडत असताना अर्धवट बांधलेल्या कॅपिटॉलमध्ये मतदान सुरू झाले. जेफरसन ८, बर ६, मेरिलँड आणि व्हरमाँट दुभंगलेले. मेरिलँडचा जोसेफ निकल्सन तापाने फणफणलेला. त्याला खाटेवरून बर्फातून आणले आणि बायको उशाशी बसून प्रत्येक फेरीला चिठ्ठी त्याच्या हातात देत होती. तो आला नसता तर मेरिलँड बरकडे गेले असते. आठवडाभर तेच आकडे. व्हर्जिनिया आणि पेनसिल्व्हेनियात मिलिशिया, म्हणजे राज्यांच्या नागरिकांच्या पलटणी, चालून येण्याची भाषा सुरू झाली. हॅमिल्टनने आपल्या लोकांना लिहिले की जेफरसन चुकीच्या तत्त्वांचा असेल, पण बरला तत्त्वच नाही. डेलावेअरचा एकमेव प्रतिनिधी जेम्स बेयर्ड अखेर वाकला. १७ तारखेला ३६ व्या फेरीत काही फेडरॅलिस्टांनी मत दिलेच नाही आणि जेफरसन १० राज्यांनी निवडून आला.

४ मार्चला ॲडम्स पहाटेच गाव सोडून गेला. उत्तराधिकाऱ्याचा शपथविधी त्याला पाहवणार नव्हता. जेफरसन आपल्या खानावळीतून चालत कॅपिटॉलला गेला आणि भाषणात म्हणाला, आपण सगळे रिपब्लिकन आहोत, आपण सगळे फेडरॅलिस्ट आहोत. दारूवरचा कर त्याने रद्द करवला, पण हॅमिल्टनची बँक सनद संपेपर्यंत चालू राहिली आणि कर्जफेडही. सत्ता एका गोटातून दुसऱ्या गोटात गेली आणि कोणी तुरुंगात गेले नाही. अध्यक्ष आणि उपाध्यक्षांसाठी वेगळी मते, हा बदल १८०४ मध्ये बाराव्या दुरुस्तीने आला. पक्षांचे अस्तित्व घटनेने नाव न घेता मान्य केले ते तिथे.

राहिला प्रश्नाचा दुसरा भाग. फेडरॅलिस्टांचा अध्यक्ष पुन्हा कधी झाला नाही. ब्रिटनशी झालेल्या १८१२ च्या युद्धाला त्यांचा विरोध होता आणि १८१४ मध्ये हार्टफर्डला भरलेल्या त्यांच्या परिषदेनंतर त्यांच्यावर फुटीरपणाचा शिक्का बसला. १८१६ मध्ये रूफस किंग हा त्यांचा शेवटचा उमेदवार. जेफरसनचे लोक स्वतःला रिपब्लिकन म्हणत, इतिहासकार गोंधळ टाळायला त्यांना डेमोक्रॅटिक-रिपब्लिकन म्हणतात. प्रतिस्पर्धी उरला नाही तेव्हा हा पक्षही १८२० च्या दशकात आतूनच फुटला, आणि त्यातल्या अँड्र्यू जॅक्सनच्या फळीतून डेमोक्रॅटिक पक्ष उभा राहिला. म्हणून आजचे डेमोक्रॅट आपली वंशावळ जेफरसनपर्यंत नेतात. आजचा रिपब्लिकन पक्ष १८५४ चा, गुलामगिरीच्या विस्ताराविरुद्ध निघालेला. जेफरसनच्या पक्षाशी त्याचे फक्त नाव जुळते.